भुकेचे गणित आणि वजनाचा काटा

१९७१ साली प्रा. वि. म. दांडेकर आणि प्रा. नीळकंठ रथ यांनी भारतातील दारिद्र्याचे मोजमाप केले, तेव्हा माणशी रोज २२५० उष्मांकांचा आहार हा निकष धरला होता. पुढे डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी त्यावर आक्षेप घेतला. शरीराची गरज माणसागणिक, किंबहुना एकाच माणसाच्या बाबतीतही दिवसागणिक बदलते, असे त्यांचे म्हणणे होते. हा वाद अर्थशास्त्राच्या वर्गात आजही शिकविला जातो. परंतु त्याचा सारा रोख गरिबाच्या पोटात किती कमी पडते, या प्रश्नावर होता. गरिबाचे वजन वाढेल, ही शंका त्या काळी कोणाच्या मनात येण्याचे कारणच नव्हते.

आज ती शंका आकड्यांत उतरली आहे. किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले असता जो अंक येतो, तो १८.५ हून कमी असल्यास व्यक्ती कृश आणि २५ किंवा अधिक असल्यास अतिवजनाची मानतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १५ ते ४९ वयोगटातील कृश स्त्रियांचे प्रमाण २००५-०६ साली ३५.५ टक्के होते. २०१९-२१ मध्ये ते १८.७ टक्क्यांवर आले. ही निःसंशय आनंदाची गोष्ट होय. परंतु याच काळात अतिवजनाच्या स्त्रिया १२.६ वरून २४ टक्क्यांवर गेल्या. म्हणजे कृशता जवळजवळ १७ टक्केबिंदूंनी घटली, पण यथायोग्य वजनाच्या स्त्रियांचे प्रमाण केवळ ५२ वरून ५७ टक्क्यांवर आले. पुरुषांची कथा निराळी नाही. आपल्या महाराष्ट्रात २०.८ टक्के स्त्रिया कृश, तर २३.४ टक्के अतिवजनाच्या आढळल्या.

खेडे हडकुळे आणि शहर लठ्ठ, ही समजूतही आता सोडावी लागेल. देशाच्या ग्रामीण भागात २०१९-२१ मध्ये २१.२ टक्के स्त्रिया कृश होत्या आणि १९.७ टक्के अतिवजनाच्या!

याचे कारण माणसांच्या आळसात किंवा जिभेच्या चोचल्यांत शोधणे सोपे आहे, पण ते न्याय्य नव्हे. सोलापूरच्या पूर्व भागात विडी वळणारी बाई मांडीवर सूप घेऊन दिवसभर एका जागी बसते. हजार विड्यांच्या हिशेबाने मजुरी मिळत असल्याने उठण्याची उसंत तिला नसते. त्याच घरातला पुरुष यंत्रमागापुढे पाळीभर उभा राहतो. एकाच चुलीवरचे अन्न खाऊन एक स्थूल होते, दुसरा वाळतो. आणि दोघांच्याही ताटात डाळ, भाजी, दूध बेताचेच असते. उष्मांक स्वस्त झाले, पोषण मात्र महागच राहिले, हे या विसंगतीचे मर्म आहे.

मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, याचा आपल्या जिल्ह्याला सार्थ अभिमान आहे. परंतु एके काळी गरिबाचे धान्य असलेली ही ज्वारी आज बाजारात कित्येकदा गव्हाहून महाग असते. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने गरिबाला धान्याचा हक्क दिला, हे मोठेच कार्य झाले. मात्र त्या हक्काचे रूप प्रामुख्याने गहू आणि तांदूळ हेच राहिले. उरलेली भूक भागविण्यास वडापाव, गोड चहा आणि पाच रुपयांचे बिस्किटांचे पुडे गल्लोगल्ली हजर आहेत.

तेव्हा केवळ धान्याचे वजन वाढवून भागणार नाही. शिधापत्रिकेवर ज्वारी आणि तूरडाळ नियमाने मिळाली पाहिजे. शाळेच्या आहाराप्रमाणे कष्टकरी स्त्रीच्या आहाराचीही चिंता शासनाने वाहिली पाहिजे. यास पैसा लागेल, हे खरे. पण मधुमेह आणि रक्तदाब यांच्या औषधांवर रोजंदारीचा पैसा खर्च करणाऱ्या कुटुंबाचा हिशेब मांडला, तर हा खर्च महाग वाटू नये.

दांडेकरांच्या काळी गरिबाचे पोट भरले का, हे विचारणे पुरेसे होते. आज ते कशाने भरले, हेही विचारावे लागेल.