अकरा किलोमीटर पाणी आणि साठ फुटांची विहीर

सुट्टीत आलेल्या भाच्याने रविवारी दुपारी टीव्हीवर 'अंडरवॉटर' लावला आणि बघता बघता घरातले सगळेच समोर येऊन बसले. २०२० च्या जानेवारीत आलेला हा इंग्रजी चित्रपट, दिग्दर्शक विल्यम युबँक, नायिका क्रिस्टन स्टुअर्ट. पॅसिफिक महासागरातल्या मरियाना गर्तेच्या तळाशी खोदकाम करणारं एक केंद्र असतं. ते कोसळतं आणि वाचलेली पाच-सहा माणसं जाड पोशाख घालून समुद्राच्या तळावरून चालत दुसऱ्या केंद्राकडे निघतात. वाटेत अंधार, गाळ आणि जे असायला हवं ते सगळं असतं. तिकीटबारीवर चित्रपट फारसा चालला नाही. आमच्या घरात मात्र त्यावर रात्रीपर्यंत वाद चालला.

भाच्याचं मत एका शब्दात होतं, "भारी!" सौ.चं म्हणणं, हा जुना 'एलियन'च आहे, फक्त पाण्यात बुडवलेला. त्यात तथ्य आहे. तिसरं मत मामांचं. माझे मामा शेवगावकडचे, वय सत्तरीच्या पुढे. उमेदीची तीस वर्षं त्यांनी विहिरींच्या यारीवर काढली. सुरुंग उडवायचा, यारीने दगड वर ओढायचा, पुन्हा खाली उतरायचं. इंग्रजी त्यांना कळत नाही, पण त्यांनी अर्ध्या तासात जे विचारलं त्यानेच हा लेख लिहायला लावला. त्याकडे येतोच, आधी पाण्याचं बघू.

नगर जिल्ह्यात समुद्र नाही, पण विहिरीत सूर मारून तळाची माती वर आणून दाखवणारी पोरं गावोगाव होती. आठ-दहा फूट खाली गेलं की कानात कळ येते, हे त्यांना पुस्तकात वाचावं लागत नाही. पाण्याच्या दर दहा मीटरला, म्हणजे साधारण ३३ फुटांना, आपल्यावर वातावरणाचा आणखी एक दाब चढतो. चित्रपटातलं केंद्र जवळपास ११ किलोमीटर खाली आहे. तिथला दाब आपल्या नेहमीच्या दाबाच्या अकराशे पट होतो. उसाचं वजन टनात ऐकायची सवय असलेल्या वाचकाला सांगायचं तर करंगळीच्या नखाएवढ्या जागेवर एक टनाहून जास्त ऊस ठेवल्यासारखं.

आता चित्रपटात काय होतं? नायिका दात घासत असते, छतातून पाण्याचे थेंब पडतात, मग भिंती फाटतात आणि ती धावत सुटते. पाणी मागे, ती पुढे. इथे शास्त्राने हात टेकले. एवढ्या दाबाखालचं पाणी भोकातून आत शिरलं तर त्याचा वेग सेकंदाला साडेचारशे मीटरच्या पुढे जातो, म्हणजे हवेतल्या आवाजापेक्षाही जास्त. थेंब टपकणं वगैरे तिथे नाहीच, सुईएवढी धारही माणसाला कापत जाईल. धावायला वेळ मिळत नाही. जून २०२३ मध्ये टायटॅनिकचे अवशेष बघायला निघालेली 'टायटन' ही पाणबुडी चिरडली गेली, आतली पाचही माणसं गेली. टायटॅनिक आहे ३,८०० मीटरवर, म्हणजे चित्रपटातल्या खोलीच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्यावर. तरीही सगळं सेकंदाच्या एका लहानशा अंशात संपलं, आतल्यांना काही जाणवायच्या आत.

उलट, एकाचं शिरस्त्राण सदोष निघतं आणि खाली जाताना ते क्षणात आत चिरडतं, तो प्रसंग बरोबर आहे. भाच्याला तोच अतिरंजित वाटला होता! पोशाख घालून तळावर चालण्याचं म्हणाल तर असे कडक पोशाख आज आहेत. आतला दाब नेहमीचाच राहतो, त्यामुळे वर येताना रक्तात नायट्रोजनचे बुडबुडे होण्याचा प्रश्न येत नाही. पण त्यांची झेप काही शे मीटरची. त्याखाली जायचं तर जाड धातूचा गोळाच लागतो. आपल्या 'समुद्रयान' मोहिमेसाठी चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेत 'मत्स्य ६०००' हे वाहन तयार होत आहे. तीन माणसं बसतील असा टायटॅनियमचा गोळा, आतला व्यास २.१ मीटर, भिंत ८० मिलिमीटर जाड, लक्ष्य ६,००० मीटरचं. नेहमीची फेरी बारा तासांची, पण अडकलंच तर ९६ तास आतली माणसं जगली पाहिजेत अशी त्याची रचना आहे.

हे ९६ तास कशाचे? अन्नाचे नव्हेत, हवेचे. आणि मामांचा प्रश्न नेमका इथलाच होता.

चित्रपटात एका सहकाऱ्याच्या पोशाखातली हवा शुद्ध करणारी यंत्रणा बिघडते. तो गुदमरायला लागतो, दोघी त्याला ओढत नेतात. मी भाच्याला समजावत होतो की माणूस बंद जागेत ऑक्सिजन संपायच्या आधी बहुतेकदा स्वतःच सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडने बेजार होतो. आपल्या उच्छ्वासात तो सुमारे चार टक्के असतो. कोंडलेल्या हवेत त्याचं प्रमाण आठ-दहा टक्क्यांवर गेलं की शुद्ध हरपते. म्हणून पाणबुडीत तो शोषून घेणारी रसायनं ठेवतात. आपल्या रुग्णालयात भूल देण्याच्या यंत्राला जो पांढऱ्या गोळ्यांचा डबा असतो, तो सोडा लाइमही हेच काम करतो, आणि संपत आला की रंग बदलतो. हे सगळं ऐकून मामा म्हणाले, "ते कळलं. पण ही माणसं बाहेर पडायच्या आधी एकदाही टोपडं विसरली नाहीत. एवढी घाई असून. आपल्याकडं कोण बघतं खालची हवा?"

खोलीत कुणी बोललं नाही. सगळ्यांना वाकडी आठवलं.

२०२४ चा गुढीपाडवा, ९ एप्रिल. नेवासा तालुक्यातल्या वाकडी गावात बायोगॅसची शेणाची स्लरी साठवलेल्या जुन्या, पडीक विहिरीत मांजर पडलं. ते काढायला एक जण उतरला, तो वर येईना म्हणून दुसरा, मग तिसरा. पाच जण गेले. कमरेला दोर बांधून उतरलेला सहावा तेवढा वाचला. समुद्राच्या तळाशी नव्हे, आपल्या जिल्ह्यात, घराजवळच्या विहिरीत.

अशा विहिरीत काय असतं ते नीट सांगायला हवं. शेण कुजताना मिथेन, कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड तयार होतात. नंतरचे दोन हवेपेक्षा जड, त्यामुळे विहिरीच्या पोटात साचून राहतात. वरून बघणाऱ्याला काहीच दिसत नाही. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्याचा वास येतो, म्हणून लोकांना वाटतं, वास आला तर कळेलच. इथेच फसगत आहे. हवेच्या दहा लाख भागांत हा वायू शंभराच्या पुढे गेला की नाक बधिर होतं, वास येणं थांबतं. सातशे-हजारावर एक-दोन श्वासांतच माणूस कोसळतो. ओरडायलाही सवड मिळत नाही. वरच्याला वाटतं, पाय घसरला, चक्कर आली. म्हणून तो पटकन उतरतो, आणि त्याचंही तेच होतं. त्याच्या धाडसात काही कमी नसतं, फुप्फुसात गेलेली हवाच वेगळी असते.

तोंडाला ओला पंचा बांधून काही उपयोग होत नाही. करोनातले मास्कही कुचकामी, कारण ते कण अडवतात, वायू नाही, आणि नसलेला ऑक्सिजन तर कुठलाच मास्क देत नाही. पाठीवर स्वतःची हवा असलेला अग्निशमन दलाचा संच हाच खरा पोशाख. कंदील खाली सोडून बघायची जुनी पद्धत मामांनी सांगितली. ऑक्सिजन कमी असेल तर ज्योत विझते हे खरं, पण विषारी वायू असूनही ती जळत राहू शकते. बायोगॅसच्या खड्ड्यात तर मिथेनमुळे भडकाच उडायचा. तेव्हा तिथे कंदील नकोच, काडीही नको.

मग कुणी पडलंच तर? वरून दोर, शिडी, बाज जे हाताशी असेल ते सोडायचं, पण स्वतः उतरायचं नाही. ११२ ला फोन करून 'विहिरीत माणूस बेशुद्ध आहे, वायू असू शकतो' एवढं सांगायचं, म्हणजे येणारे तयारीने येतील. फवारणीचा ब्लोअर असेल तर तो लांब ठेवून पाइपाने ताजी हवा तळापर्यंत सोडता येते, मात्र बायोगॅसजवळ त्याच्या ठिणगीचाही धोका असतोच. बाहेर काढलेल्याचा श्वास थांबला असेल तर त्याला मोकळ्या हवेत आणून छाती दाबायला सुरुवात करावी. तोंडाने श्वास देताना त्याच्या तोंडातला वायू आपल्याकडे येऊ शकतो, हे लक्षात ठेवावं. पडीक विहिरी तर जागोजागी आहेत. बोअर झाला, विहीर आटली, मग तिच्यात पाचट, शेण, कचरा, जे सापडेल ते. त्यावर जाळी बसवायचा खर्च एका मोटारीच्या दुरुस्तीहून फार नसावा.

मामांच्या कामात एक रीत होती. सुरुंग उडाला की चहा व्हायचा, बिडी व्हायची, मगच पहिला माणूस उतरायचा. "धूर दिसायचा बंद झाला तरी थांबायचो," ते म्हणाले. "खालच्याच्या कमरेला दोर, आणि दोराचं टोक यारीवाल्याच्या हातात. तो हात दुसरं काम करायचा नाही." धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड तासाभराने, कधी दुसऱ्या दिवशी फुप्फुसात पाणी भरतात, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. "एकदा एक घाईत उतरला होता," एवढंच बोलून ते थांबले.

भाच्याने राहिलेला चित्रपट पुन्हा सुरू केला. शेवटी माणसं तीन उरतात आणि वर जाणाऱ्या चालू कुप्या दोनच. पाठोपाठ तो अवाढव्य प्राणी येतो, ज्याच्यासाठी भाचा दुपारपासून बसला होता. मामांनी तो पाहिला नाही. आठला शेतीची लाईट येणार होती आणि त्यांना पोराला फोन करायचा होता, मोटार चालू कर म्हणून. आणि विहिरीत वाकून बघू नकोस, म्हणून.