मिठाला पाणी सुटलं की कपाट उघडा: घरातला दमटपणा मोजायचा कसा, आवरायचा कसा

गेल्या जुलैत आई म्हणाली, "मिठाच्या बरणीत पाणी सुटलंय, एकदा कागदांचं कपाट बघून घे." मी 'हो' म्हटलं आणि परत लॅपटॉपमध्ये डोकं घातलं. तीन आठवड्यांनी कपाट उघडलं, तर आजोबांच्या वेळच्या खरेदीखतावर बुरशीचे ठिपके आणि आई-बाबांच्या लग्नाच्या अल्बममधले दोन फोटो एकमेकांना चिकटलेले. सोडवताना एकावरचा रंगच निघून आला.

आईची बरणी हा खरोखरच एक सेन्सर होता. शुद्ध मीठ ७५ टक्के आर्द्रतेच्या वर हवेतलं पाणी ओढून विरघळायला लागतं (खड्याचं मीठ त्याहीआधी). आणि आर्द्रता ७५-८० टक्क्यांच्या वर बरेच दिवस राहिली की कागद, कापड, चामडं, लाकूड यांवर बुरशी धरते. म्हणजे दोन्हींची वेळ जवळजवळ एकच!

टक्केवारी म्हणजे नक्की काय?

आत्ताच्या तापमानाला हवेत जास्तीत जास्त जेवढी वाफ मावेल, त्याच्या किती टक्के वाफ प्रत्यक्षात आहे, ती सापेक्ष आर्द्रता. हवा तापली की जास्त वाफ मावते, म्हणून टक्केवारी उतरते. २८ अंशांची, ८५ टक्के दमट हवा नुसती ३३ अंशांपर्यंत तापवली तर आर्द्रता ६४ टक्क्यांच्या आसपास येते. वाफ तेवढीच, आकडा कमी. पूर्वी कपाटात पिवळा बल्ब लावून ठेवायचे, त्यामागचं गणित हेच. एलईडी बल्ब तेवढा तापत नाही, आणि कपड्यांजवळ तापलेला बल्ब ठेवणं धोक्याचं, म्हणून तो उपाय आता सोडून द्या.

खिडक्या उघडाव्यात का?

"हवा खेळती ठेवा" हा सल्ला सगळीकडे मिळतो. पण रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तोही बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. जुलैत बाहेरची हवाच ८५ टक्क्यांच्या पुढे असते. अशा वेळी खिडकी उघडली की आपण ओल बाहेर घालवत नाही, आत बोलावतो. अपवाद स्वयंपाकघर आणि बाथरूमचा. तिथली वाफ एक्झॉस्ट फॅनने लगेच बाहेर काढायचीच.

आता एक हिशोब. १० बाय १२ फुटांची, १० फूट उंच खोली घ्या. २८ अंशांना ८५ टक्के आर्द्रता असेल तर हवेत साधारण ७८० ग्रॅम वाफ असते, ६० टक्क्यांना साधारण ५५०. फरक फक्त पाव लिटरचा! पण मशीनमधून पिळून निघालेल्या एका खेपेच्या कपड्यांत दीड-दोन लिटर पाणी सहज असतं. ते त्याच खोलीत दोरीवर घातले, तर तुम्ही खोलीत पाऊसच पाडताय.

ओल भिंतीची की हवेची?

यंत्र घेण्याआधी हे तपासा. भिंतीवर एक फूट चौरस प्लॅस्टिक चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा आणि दोन दिवस थांबा. थेंब प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला आले, तर पाणी भिंतीतून येतंय. बाहेरच्या बाजूला आले, तर हवेतून. आपल्याकडचा जांभा सच्छिद्र दगड आहे, झड लागली की पाणी पितो. पूर्वी पडवीला झापं बांधायचे, ते उगाच नव्हे. भिंतीची ओल बाहेरूनच अडवावी लागते. आतून नवा रंग काढला तर पुढच्या वर्षी पोपडे ठरलेले.

यंत्र घ्यायचं तर कुठलं?

इथे मी पैसे घालवलेत. छोटा, आवाज न करणारा, 'खोलीसाठी' म्हणून विकला जाणारा डीह्युमिडिफायर घेतला. दिवसभरात अर्धी वाटी पाणी जमायचं. त्यात पेल्टियर प्लेट असते, ती फार तर बंद कपाटापुरती. खोलीसाठी कॉम्प्रेसरवालाच लागतो. तो फ्रिजसारखा चालतो: थंड कॉइलवर वाफेचं पाणी होतं आणि टाकीत पडतं. २५० वॉटचं यंत्र आठ तास चालवलं तर दोन युनिट वीज जाते. पण स्लॅबच्या खोलीत, दारं-खिडक्या बंद करूनच. कौलारू घरात तो लावणं म्हणजे अरबी समुद्र वाळत घालणं. खोलीत एसी असेल तर आधी त्याचा ड्राय मोड वापरून बघा.

अख्खं घर नको, एक डबा वाचवा

आमचं घर कौलारू, म्हणून मी शेवटी हेच केलं. रबरी कडा असलेला घट्ट झाकणाचा मोठा डबा घेतला आणि त्यात कापडी पिशवीत २०० ग्रॅम सिलिका जेल ठेवलं. नारिंगी दाणे हिरवे झाले की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोनेक तास वाळवून परत वापरता येतात.

एक मेख आहे. डब्यातली हवा काहीच नाही, पाणी खरं असतं कागदात. पावसाळ्यात दमट झालेले दोन किलो कागद कोरडे होताना शंभरेक ग्रॅम पाणी सोडतात. म्हणून डबा डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या दुपारी भरा. आत्ताच भरायचा असेल तर पहिल्या पंधरवड्यात जेल तीन-चार वेळा वाळवायची तयारी ठेवा. आणि मूळ कागद आधी स्कॅन करा, लॅमिनेट मात्र करू नका.

आज रात्री एवढंच करा

काही शे रुपयांत डिजिटल हायग्रोमीटर मिळतो. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, ओल्या वाळूसारखं होईल इतकेच थेंब पाणी घाला. ते झाकण आणि मीटर झिपच्या पिशवीत बंद करून रात्रभर ठेवा. सकाळी आकडा ७५ दिसायला हवा. ७० दिसला, तर तुमचा मीटर पाच कमी दाखवतो, तेवढे मिळवून वाचा. मग तो कागदांच्या कपाटात ठेवा. ६५ च्या खाली असेल तर निवांत राहा. ७५ च्या वर असेल तर माझ्यासारखे तीन आठवडे थांबू नका.