विमानप्रवासातील अंतर व काल

विमानप्रवासातील अंतर व काल : दोन विमानतळांतील अंतर म्हणजे त्या दोन स्थानांना पृथ्वीच्या पृष्ठभागावरून जोडणाऱ्या लघुतम रेषेची लांबी होय. ही रेषा बृहद्वृत्ताचा, म्हणजे पृथ्वीच्या मध्याशी केंद्र असलेल्या वर्तुळाचा, कंस असते व तिची लांबी अक्षांश-रेखांशांवरून गणिताने काढतात. वैमानिकी व्यवहारात ती सागरी मैलांत (१ सागरी मैल = १.८५२ किमी.) देतात. मुंबई उपनगरातील छत्रपती शिवाजी महाराज विमानतळापासून दिल्लीच्या इंदिरा गांधी विमानतळापर्यंतचे अंतर असे सु. १,१४० किमी. भरते. हे अंतर कायम असले, तरी प्रवासकाल तसा नसतो.

ताशी सु. ८४० किमी. वेगाच्या जेट विमानास एवढे अंतर तोडण्यास ८०–८२ मिनिटे पुरावीत. तथापि वेळापत्रकात दोन तासांहून अधिक काळ दाखविलेला असतो. विमान आपल्या थांब्यावरून हलल्यापासून दुसऱ्या विमानतळावरील थांब्यावर उभे राहीपर्यंतचा सर्व वेळ त्यात धरतात. चढण व उतरण यांत वेग कमी असतो, शिवाय मार्गही सरळ नसतो. विमानाने वाऱ्यास सामोरे जाऊन उडावे व उतरावे हे इष्ट असल्यामुळे, पश्चिमेचा वारा असताना दिल्लीस निघालेले विमानही मुंबईहून प्रथम अरबी समुद्राकडे झेपावते आणि मग उत्तरेस वळते. दिल्लीहून आलेले विमान पूर्वेस वळसा घेऊन घाटकोपरवरून खाली येते.

मुंबईत याखेरीज जमिनीची अडचण आहे. येथील दोन धावपट्ट्या (लांबी सु. ३.४ व २.९ किमी.) एकमेकींना छेदतात, त्यामुळे त्या एकाच वेळी स्वतंत्रपणे वापरता येत नाहीत. अंधेरी, विलेपार्ले, कुर्ला व घाटकोपर यांच्या दाट वस्तीने वेढलेल्या या तळास समांतर पट्टीसाठी जागा उरलेली नाही. परिणामी गर्दीच्या वेळी विमानांना आकाशात घिरट्या घालाव्या लागतात आणि दिल्ली–मुंबई अंतर वाढले नसतानाही प्रवास लांबतो.

प्रारंभीच्या काळी मार्ग लांबण्याचे कारण इंधन हे होते. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी एक-एंजिनी पस मॉथ विमानातून कराचीहून टपाल आणले व ते अहमदाबादमार्गे जुहूच्या धावपट्टीवर उतरले. कराची–जुहू हे सरळ अंतर सु. ८७० किमी. आहे, अहमदाबादमार्गे ते सु. १,०३० किमी. होते. अहमदाबादेस इंधनाचे डबे बैलगाडीतून आणण्यात आले होते.

पूर्व-पश्चिम प्रवासात वाऱ्याचा प्रभाव विशेष जाणवतो. हिवाळ्यात उत्तर व मध्य भारतावर उंच थरांत पश्चिमेकडून अतिवेगवान वारे वाहतात. त्यामुळे सु. १,६६० किमी.चे मुंबई–कोलकाता अंतर जाताना लवकर तुटते. परतीस मात्र बराच अधिक वेळ लागतो.