लाकडी जमिनीखालील विद्युत् तापन
लाकडी वा लॅमिनेट फळ्यांच्या जमिनीखाली, ॲल्युमिनियमच्या वर्खात बसविलेल्या तापक तारांची चटई पसरून खोली उबदार करण्याची पद्धत. ती थंड देशांत रूढ आहे. सपाट, कोरड्या तळावर आधी उष्णतानिरोधक थर घालतात. तो नसल्यास बरीच उष्णता खालीच मुरते. चटईचा वर्ख कापून ती वळविता येते. तार मात्र कधीही कापावयाची नसते. खरी अडचण लाकडाची असते. ते उष्णतेचे मंद वाहक असून सुकल्यावर आकसते, त्यामुळे फटी पडतात व फळ्या वाकतात. म्हणून पृष्ठभागाचे तापमान सामान्यतः २७° से. पेक्षा वाढू देत नाहीत. त्यासाठी फळ्यांखालीच संवेदक बसवून तो तापनियंत्रकास जोडतात. अखंड फळीपेक्षा उभ्या-आडव्या थरांची फळी अधिक टिकाऊ ठरते. बैठ्या कपाटांखाली उष्णता कोंडत असल्याने तेथे चटई घालीत नाहीत.