कोयत्याची सवय आणि विजेची करवत

माघ-फाल्गुन आला की धसईच्या आसपास ऐनाच्या झाडांवर कोयते चालू लागतात. भाताच्या राबासाठी फांद्या उतरवणे, पावसाळ्यापूर्वी सरपण रचून ठेवणे ही कामे मुरबाड-शहापूरच्या शेतकऱ्याला कुणी शिकवावी लागत नाहीत. कमरेच्या आकडीतला कोयता म्हणजे त्याच्या हाताचाच विस्तार असतो. आता मात्र याच कामासाठी काही घरांत विजेची साखळी करवत, म्हणजे बोलण्यातला ‘चेन सॉ’, आलेली दिसते. १ डिसेंबर २०१६ रोजी महाराष्ट्रातले पहिले रोकडरहित गाव म्हणून मुरबाड तालुक्यातल्या धसईचे नाव गाजले होते. आज मोबाईलवरून पैसे भरले की हे यंत्रही खोक्यातून थेट दारात येते. सोबत एक पुस्तिका असते, बहुधा इंग्रजी, आणि ती खोक्यातच राहते.

मग माणूस ते यंत्र कोयत्यासारखे वापरू लागतो. वाचकहो, या लेखात मला प्रामुख्याने सांगायचे आहे ते याविषयीच. डाव्या हाताने फांदी धरून उजव्या हाताने घाव घालणे, ओंडका पायाखाली दाबणे, झाडावर चढून डोक्यावरची फांदी छाटणे, या सगळ्या कोयत्याच्या सवयी आहेत आणि कोयत्यापुरत्या त्या ठीकही आहेत. कोयता आपल्या ताकदीने चालतो आणि आपण थांबलो की थांबतो. करवतीची साखळी मोटरच्या ताकदीने धावते. तिच्या वाटेत लाकूड आहे की मांडी, हे तिला कळत नाही.

तिचा सर्वांत मोठा धोका म्हणजे उलटा झटका. साखळी पट्टीच्या वरच्या कडेने पुढे धावते, टोकाशी वळते आणि खालच्या कडेने मागे येते. टोकाचा वरचा भाग एखाद्या फांदीला, दगडाला किंवा मागच्या ओंडक्याला नुसता टेकला, तरी दात तिथे अडकतात आणि सारी पट्टी वर उसळून आपल्या मानेकडे किंवा चेहऱ्याकडे येते. हे इतक्या झटपट घडते की डोळ्यांनी पाहून हात आवरायला सवडच मिळत नाही. म्हणून काळजी घ्यायची ती आधी. दोन्ही हातांनी धरावे, डाव्या हाताचा अंगठा मुठीखालून पूर्ण वळवून घ्यावा आणि पट्टीच्या रेषेत न उभे राहता किंचित डावीकडे उभे राहावे. करवत खांद्याच्या वर नेऊ नये. शिडीवर किंवा झाडावर तर ती नेऊच नये. उंचावरची फांदी ज्याला त्या कामाची सवय आहे त्याने कोयत्यानेच उतरवावी आणि तिचे तुकडे खाली जमिनीवर करावेत. ओंडका पायाखाली नव्हे, लाकडी घोडीवर पक्का बसवावा. हाताच्या पंजासमोर असलेली ढाल पुढे ढकलली की साखळी थांबते. काम सुरू करण्यापूर्वी ती चालते ना, हे रोज पाहावे.

बाजारात एक स्वस्त पर्यायही मिळतो. फरशी-लोखंड कापायच्या हातग्राइंडरला पट्टी आणि साखळी जोडायची, की झाली करवत! माझे मत विचाराल तर ही वस्तू घरात आणूच नये. हा ग्राइंडर मिनिटाला दहा हजारांहून अधिक फेरे घेतो, त्याला साखळी थांबवणारी ढाल नसते आणि अनेकांचे बटण पुढे सरकवले की चालूच राहते. आपल्याकडे वीज मध्येच जाते. यंत्र तसेच खाली ठेवून माणूस पाणी प्यायला जातो आणि वीज परत आली की ते आपोआप फिरू लागते. त्या वेळी अंगणात मूल खेळत असेल तर काय, याचा विचार प्रत्येकाने करावा. एका हाताच्या छोट्या बॅटरी-करवतीबद्दलही सावध राहावे, कारण मोकळा राहिलेला डावा हात नकळत फांदी धरायला जातो.

विजेचे म्हणाल तर ओल्या अंगणात, पावसात किंवा भिजलेल्या लाकडावर वायरची करवत चालवू नये. घराच्या मुख्य पेटीत ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवून घ्यावी. वीज अंगातून जमिनीत जाऊ लागताच ती पुरवठा तोडते. जोडवायर जाड असावी, रिळावरून पूर्ण उलगडलेली असावी आणि पाठीमागून आणलेली असावी. साखळी ताणण्यापूर्वी, तिला हात लावण्यापूर्वी पिन काढावी किंवा बॅटरी वेगळी करावी. लाकडाचे तुकडे उडण्याऐवजी पिठासारखा भुसा पडू लागला तर साखळी बोथट झाली आहे असे समजावे. बोथट साखळीवर माणूस जोर देतो आणि तोल जातो तो तिथेच.

पायात चप्पल नको, बंद बूट हवेत. डोळ्यांवर चष्मा आणि कानांत बोळे असावेत. लुंगी, पदर, ओढणी, गळ्यातला पंचा यांपैकी काहीही लोंबकळत ठेवू नये. फिट्स किंवा चक्कर येणाऱ्यांनी, मधुमेहाने हातापायांत बधिरता आलेल्यांनी हे यंत्र हाती घेऊ नये. सर्दीच्या गोळीने झोप येते, त्या दिवशीही नको. मद्य घेतले असेल तर मुळीच नको. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर साधी जखमही वाहत राहते.

या करवतीचा वैद्यकाशी जुना संबंध आहे, हे थोड्यांनाच ठाऊक असते. अठराव्या शतकाच्या अखेरीस जॉन एटकिन आणि जेम्स जेफ्रे या स्कॉटिश डॉक्टरांनी हाड कापण्यासाठी दातेरी साखळी वापरली. तिचा लाकडाशी संबंध पुष्कळ नंतरचा. आंद्रेआस श्टील यांची विजेवर चालणारी करवत १९२६ सालची, आणि ती चालवायला दोन माणसे लागत. सांगायचा मुद्दा इतकाच, की हाड तिला अडवू शकत नाही. कोयत्याची जखम सरळ कडांची असते. टाके घालून कडा जुळवता येतात. करवत मात्र मांसाची पट्टीच उडवून नेते, कडा फाटतात आणि आत भुसा, तेल, कपड्याचे धागे शिरतात. अशी जखम घरी बांधून भागत नाही.

अपघात झालाच तर पिन काढा आणि स्वच्छ कापडाची जाड घडी जखमेवर दोन्ही हातांनी दाबून धरा. दर मिनिटाला उचलून पाहू नका; कापड भिजले तर त्यावरच दुसरे ठेवा. हळद, चहापूड, चुना, राख यांतले काहीही घालू नका, कारण ते सारे नंतर जखमेतून उपसून काढावे लागते. दाबूनही हाता-पायाचे रक्त थांबत नसेल तरच जखमेच्या वर चार बोटे, सांधा सोडून, रुंद पट्टी बांधा आणि तिच्यात काठी घालून पिळा. सुतळी किंवा तार वापरू नका. बांधल्याची वेळ लिहा आणि वाटेत सोडू नका. १०८ ला फोन करा आणि गाव, पाडा व रस्त्यावरची खूण नीट सांगा. जवळच्या आरोग्य केंद्रात रक्तस्राव आटोक्यात आणून धनुर्वाताचे इंजेक्शन देता येते. पण तुटलेले बोट जोडणारे शल्यविशारद मोठ्या शहरातच भेटतात आणि इथून कल्याणमार्गे मुंबई गाठायला काही तास जातात.

तो वेळ हाती असतो, फक्त बोट नीट जपले पाहिजे. ते शोधा, घासू नका. मळले असेल तर स्वच्छ पाण्याने हलकेच धुवा, ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळा, कोरड्या प्लास्टिक पिशवीत घालून तोंड बांधा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा. बर्फ थेट बोटाला लागला तर ऊती गोठून मरतात. अशा रीतीने थंड ठेवलेले बोट बारा तासांपर्यंत जोडण्याजोगे राहू शकते. मनगटाच्या वर तुटलेला हात मात्र त्यात स्नायू असल्याने सहा तासही जेमतेम टिकतो. पिशवीवर रुग्णाचे नाव आणि अपघाताची वेळ लिहून ती त्याच्याच गाडीत पाठवा. निघताना धीर यावा म्हणून त्याला चहा पाजू नका. शस्त्रक्रियेसाठी भूल द्यावी लागली तर पोट रिकामे असलेले बरे.