भागदाखला हरवला तरी भाग जात नाही

मागच्या गटसभेत एक वयस्कर सभासद काकुळतीला येऊन म्हणाले, "साहेब, भागदाखला घरातनं गेलाय. ज्याच्या हाती लागंल, त्योच मालक व्हायचा का?" आमचे खाते उसाचे, कोर्टकचेरीचे नव्हे. तरी यावरून विलायतेतला एक जुना दावा आठवला, तो सांगतो.

लंडनमध्ये दोन बँका होत्या. एक लंडन अँड कौंटी. दुसरी लंडन अँड रिव्हर प्लेट, दक्षिण अमेरिकेशी देवघेव करणारी. रिव्हर प्लेटच्या तिजोरीत गिऱ्हाइकांचे रोखे ठेवलेले. खुद्द मॅनेजरनेच ते गुपचूप काढले. कुंपणच शेत खाऊ लागले म्हणा ना! रोखे कौंटी बँकेत तारण पडले, पैसे उचलले गेले. पुढे लबाडीने ते तिथून सोडवून पुन्हा तिजोरीत आणून ठेवले. रिव्हर प्लेटला ना गेल्याचा पत्ता, ना आल्याचा. भानगड फुटल्यावर कौंटी बँक हायकोर्टात गेली. आम्ही पैसे मोजलेत, रोखे आमचे, असे तिचे म्हणणे.

हे रोखे 'धारकाचे' होते. आपल्याकडे चोरीचा बैल कुणी विकत घेतला, तरी मूळ मालक तो ओढून नेतो. धारकाच्या रोख्याचे तसे नाही. नोटेसारखाच तो, इमानाने, मोल देऊन घेतला की घेणाऱ्याचा. म्हणजे कौंटीची बाजू भक्कम दिसत होती. पण १८८८ साली अपील कोर्टाने रिव्हर प्लेटचीच बाजू उचलली. चोरलेले परत करणे हे मॅनेजरवरचे देणेच होते. रोखे परत येताच ते फिटले, तेच मोल. आणि बँकेच्या मनात कपट नव्हते. ज्या नियमावर कौंटी भांडली, तोच तिच्यावर उलटला. आम्हाला मात्र हा निकाल जरा कडूच वाटतो. जिने स्वतःच्या तिजोरीवर नजर ठेवली नाही, ती बँक सुटली.

याच भांडणात १८८७ साली एका अमेरिकन रेल्वेच्या शेअर-दाखल्यांचाही प्रश्न निघाला. ते धारकाचे रोखे नव्हेत, असे कोर्टाने ठरवले.

आपला भागदाखलाही 'ज्याच्या हाती त्याचा' नाही. नाव भागनोंदवहीत असते, दाखला हा त्याचा पुरावा. भाग दुसऱ्याच्या नावे करायचा, तर आधी तो निदान वर्षभर आपल्याकडे असावा लागतो. घेणाराही सभासद हवा, नाहीतर त्याचा सभासदत्वाचा अर्ज मंजूर झालेला हवा. नुसता कागद सापडून कुणी मालक होत नाही.

त्या सभासदांना आम्ही शेअर खात्यात नेले, नोंदवही उघडून दाखवली, दुय्यम दाखल्याचा अर्ज तिथेच लिहवून घेतला. चष्मा पुसून त्यांनी स्वतःचे नाव दोनदा वाचले. मग म्हणाले, "बरं, आता माझ्या उसाची नोंद कधी लावताय?"