गोल्फ क्लबच्या मैदानाचे दुसरे नाव

मित्रांच्या संगतीने गाडी काढून परगावी खेळ पाहायला जाणे ही अमेरिकेतील बेसबॉलवेड्यांची जुनी हौस आहे. तेथील प्रमुख लीगमध्ये ३० संघ असून, त्या सर्वांची मैदाने एकेक करून पाहण्याचा संकल्प सोडणारे आणि त्यापायी कित्येक उन्हाळे खर्ची घालणारे लोक तेथे पुष्कळ आहेत. बोस्टनचे १९१२ सालचे फेनवे पार्क आणि शिकागोचे १९१४ सालचे रिग्ली फील्ड यांना या यात्रेत अष्टविनायकांतल्या एखाद्या स्थानाचा मान मिळतो. महाराष्ट्रात या हौसेच्या जवळ जाणारी गोष्ट म्हणजे रणजी सामन्याची सहल. राज्याराज्यांच्या संघांमधील हे सामने साखळी फेरीत चार दिवस चालतात, त्यांना गर्दी बेताची असते, आणि एरवी पडद्यावरच दिसणारा खेळाडू सीमारेषेवर हाकेच्या अंतरावर उभा असतो. त्यामुळे नाशिकला सामना असला की मुंबईची मंडळी कसारा घाट चढून आणि पुण्याची मंडळी संगमनेर-सिन्नरमार्गे त्र्यंबक रस्त्यावरील गोल्फ क्लब मैदान गाठतात. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाल्यापासून घाटातली रखडपट्टीही टळली आहे.

येणाऱ्याला येथे भव्य प्रेक्षागार दिसत नाही. गोल्फ क्लब हे शहराच्या नित्य वापरातले मोकळे मैदान आहे. सकाळी फिरायला येणारे, सरावाला येणारी पोरे आणि निवडणुकीच्या हंगामात प्रचारसभांना जमणारी माणसे अशा सर्वांचा त्यावर हक्क चालतो. याच मैदानावर २३ जानेवारी २०२५ पासून महाराष्ट्र आणि बडोदा यांचा सामना झाला. ऋतुराज गायकवाड खेळणार म्हणून प्रेक्षक लोटले होते आणि महाराष्ट्राने तो सामना तब्बल ४३९ धावांनी जिंकला. सत्यजित बच्छावसारखा डावखुरा फिरकी गोलंदाज नाशिकने महाराष्ट्राच्या संघाला दिला, हेही या मैदानाच्या शहराला अभिमान वाटावा असेच. परंतु धावफलकाची ही हकीकत कोठेही वाचता येते. प्रस्तुत विषय वेगळा आहे आणि तो मैदानाच्या अधिकृत नावात दडलेला आहे.

लोकांच्या तोंडी गोल्फ क्लब हेच नाव असले, तरी कागदोपत्री हे हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान आहे. इंग्रजी अमदानीतील साहेबी खेळाची खूण आणि त्या अमदानीवर गोळी झाडणाऱ्या तरुणाची खूण, अशा दोन खुणा एकाच जमिनीने वागवाव्यात, असे उदाहरण महाराष्ट्रातील क्रीडांगणांत विरळा. शिकागोच्या मैदानावर च्युइंगगमच्या कारखानदाराचे नाव आहे. नाशिकच्या मैदानावर अठराव्या वर्षी फाशी गेलेल्या मुलाचे आहे, आणि म्हणूनच ते उच्चारताना त्यामागची हकीकत पुरती ठाऊक असणे अगत्याचे ठरते.

त्या हकीकतीची ठळक बाजू मराठी वाचकांना परिचित आहे. बाबाराव सावरकरांना राजद्रोही कवितांच्या खटल्यात जून १९०९ मध्ये जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. हा खटला सत्र न्यायालयाकडे सोपवणारा अधिकारी म्हणजे नाशिकचा कलेक्टर जॅक्सन. त्याची बदली मुंबईला होऊन निरोपादाखल विजयानंद नाट्यगृहात ‘संगीत शारदा’चा प्रयोग ठरला आणि त्या प्रयोगाला आला असता २१ डिसेंबर १९०९ रोजी कान्हेरे यांनी त्याच्यावर गोळ्या झाडल्या. त्यांचा नेम चुकलाच तर कृष्णाजी गोपाळ कर्वे आणि विनायक नारायण देशपांडे हे सज्ज होते. वापरलेले ब्राउनिंग पिस्तूल विनायक दामोदर सावरकर यांनी लंडनहून चतुर्भुज अमीन यांच्याबरोबर पाठवलेल्या २० पिस्तुलांपैकी असल्याने धागा थेट लंडनपर्यंत पोहोचला. १३ मार्च १९१० रोजी सावरकरांना तेथे अटक झाली आणि जॅक्सन-वधाला साहाय्य केल्याच्या आरोपावरून ३० जानेवारी १९११ रोजी त्यांना दुसरी जन्मठेप सुनावण्यात आली.

इतके पाठ्यपुस्तकांतही येते. जॅक्सन मात्र त्यांत केवळ गोळी लागण्यापुरता उभा राहतो, आणि हे एकांगी आहे. आर्थर मेसन टिपेट्स जॅक्सन हा संस्कृतचा व्यासंगी होता आणि नाशकात त्याला ‘पंडित जॅक्सन’ म्हणत. थोर पुराभिलेखतज्ज्ञ, म्हणजे जुने शिलालेख वाचून इतिहास लावणारे अभ्यासक, पंडित भगवानलाल इंद्रजी १८८८ साली निवर्तले, तेव्हा त्यांचा गुजरातच्या प्राचीन इतिहासाचा मजकूर अपुरा राहिला होता. तो पुरा करून १८९६ सालच्या मुंबई गॅझेटियरमध्ये छापण्याजोगा करण्यात जॅक्सनचा मोठा वाटा आहे. मुंबईहून येणारी गाडी शहरात शिरण्यापूर्वी महामार्गालगत पांडवलेण्यांचा डोंगर लागतो. तेथील शिलालेखांचे वाचन नाशिकच्या गॅझेटियरसाठी याच भगवानलालांनी केले होते. सामन्याच्या ओढीने पुढे निघालेल्या मंडळींनी त्या डोंगरापाशी थांबण्याचा अर्धा तास राखून ठेवला, तर मैदानाच्या नावामागच्या हकीकतीतला दुसरा माणूस कोणत्या विद्येत रमला होता याचा अंदाज येईल.

जॅक्सनच्या मागे राहिलेला सर्वांत मोलाचा ऐवज मात्र त्याने स्वतः लिहिलेला नाही. लोकसमजुती, नवस, उतारे, ग्रामदेवता यांविषयीची एक प्रश्नावली त्याने गावोगावच्या शाळामास्तरांना धाडली होती आणि त्यांची उत्तरे जमवली होती. त्याच्या मृत्यूनंतर हे साहित्य आर. ई. एन्थोवेन या सनदी अधिकाऱ्याने लावून घेतले, आणि ‘फोक लोअर नोट्स’ या नावाने गुजरातचा खंड १९१४ मध्ये व कोकणचा खंड १९१५ मध्ये काढला. दोन्हींच्या मुखपृष्ठावर हे साहित्य कैलासवासी जॅक्सन याने जमवल्याचे नमूद आहे. सूर्य-चंद्र आणि पाऊस, रोगांच्या देवता, पितर आणि साधू, भुतेखेते, वृक्ष आणि नाग, चेटूक, शेतीतील विधी अशी या खंडांची मांडणी आहे.

कोकणचा खंड उघडला की जाणवते ती विधानांखालची साधी नोंद. अनेक ठिकाणी उत्तर देणाऱ्याचे नाव न देता अमुक गावचा, अमुक जिल्ह्याचा शाळामास्तर एवढेच लिहिले आहे. या अनाम मास्तरांवर कोणी पुस्तक लिहिले नाही, त्यांचे पुतळे नाहीत, आणि त्यांनी कलेक्टरसाहेबाच्या पत्राला उत्तर पाठवताना पगाराची चिंता किती आणि गावच्या देवाविषयीची आस्था किती, हे आता सांगता येणार नाही. परंतु आपल्या शिवेवरच्या वेताळाला नारळ केव्हा देतात आणि पाऊस लांबला तर गाव काय करते, हे छापील कागदावर नेमकेपणाने उतरले ते त्यांच्यामुळे. मराठी लोकसंस्कृतीच्या अभ्यासात या मास्तरांना मिळायला हवा तो मान अद्याप मिळालेला नाही. त्यांची मूळ बोली इंग्रजी भाषांतरात विरून गेली आणि खंडावर नावे उरली ती दोन साहेबांचीच, हे खेदाचे आहे.

यातील सर्वांत अस्वस्थ करणारी बाब स्थळांची आहे. अनंत लक्ष्मण कान्हेरे हे रत्नागिरी जिल्ह्यातील खेड तालुक्यातले. ज्या कोकणातील गावांचे देव, भुते आणि झाडे जॅक्सन उत्तरपत्रांतून गोळा करत होता, त्याच कोकणातून हा मुलगा शिक्षणासाठी औरंगाबादेस गेला आणि तेथून नाशिकला आला. जॅक्सनची विद्या खोटी होती, लोकांना भुलवण्याचे ते सोंग होते, असा पक्ष त्या काळापासून मांडला गेला; उलट, असा विद्वान मारला गेला म्हणून कान्हेरे यांचे कृत्य अविचारी ठरवणारेही होते. दोन्ही पक्ष उणे पडतात. वर्षानुवर्षांची अभ्यासाची बैठक सोंगाने साधत नाही, आणि सकाळी शिलालेख वाचणाऱ्या हाताने दुपारी बाबारावांना सत्र न्यायालयात धाडणारी सही केली हेही खोटे ठरत नाही. कान्हेरे यांनी गोळी झाडली ती त्या सहीवर, आणि मैदानाला त्यांचे नाव देणाऱ्यांनी योग्यच केले. मैदानाच्या फाटकाशी मात्र नुसत्या नावाऐवजी हकीकत सांगणारा एक फलक असावा, आणि जॅक्सनच्या संग्रहाचा कोकणखंड मराठीत, शाळामास्तरांच्या गावांच्या सूचीसह, छापला जावा. हे काम कोणा परदेशी विद्यापीठाची वाट पाहत राहावे असे नाही. ते नाशिकच्या ग्रंथालयांना आणि कोकणातल्या शाळांना मिळून करता येण्याजोगे आहे.

कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे या तिघांवर मुंबई उच्च न्यायालयात खटला चालून १९ एप्रिल १९१० रोजी त्यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. हा तुरुंग ठाण्याच्या जुन्या किल्ल्यात आहे. सामना संपवून मुंबईकडे परतणारी गाडी घाट उतरून, शहापूर मागे टाकून ज्या ठाण्यातून जाते, तेथे तो किल्ला आजही उभा आहे.